घोडा, ओळ तीनशे सत्तेचाळीस

घोड्याला चार पाय होते, पोट होतं आणि पोटाच्या वर पाठीची नुसती सुरुवात होती. मान, डोकं आणि शेपूट अजून कॉम्प्युटरमध्ये होतं. ते तिथे अडकलं ते माझ्यामुळे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण घरात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि इमारतीत ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सासूबाईंनी जिन्यात गाठून सांगितलं आहे.

आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, भिंतीला टेकवून सासूबाईंचं विणकामाचं यंत्र आहे. दोनशे सुया एका रांगेत आणि त्यांच्यावरून हाताने इकडून तिकडे सरकवायचा एक ठोकळा. ठोकळा एकदा सरकला की एक ओळ विणून होते. कोणत्या सुईने तपकिरी लोकर घ्यायची आणि कोणत्या सुईने पांढरी, हे प्रत्येक ओळीला कॉम्प्युटर सांगतो. विणकाम खालून वर जातं, म्हणजे घोडा असेल तर आधी खूर. आणि त्याची उलटी बाजू विणणाऱ्याकडे असते, सुलटी भिंतीकडे. सुयांवरून उतरवेपर्यंत आपल्याला फक्त लोंबणारे धागे दिसतात. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मला ते माहीत होतं. वेळेवर आठवलं नाही, एवढंच.

घोडा एका ब्लँकेटवर होता आणि ब्लँकेट वार्षिक विणकाम प्रदर्शनासाठी होतं. या प्रदर्शनात सासूबाईंचा सलग सहा वर्षं दुसरा नंबर आला आहे. पहिला नंबर सलग सहा वर्षं खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या आईंचा. त्या दरवर्षी बक्षीस घेऊन आमच्यापाशी येतात, सासूबाईंच्या कामाचं टोक दोन बोटांत धरतात आणि म्हणतात, “तुमचंही छान आहे हो.” सासूबाई हसतात. मग घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत. या वर्षी त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, उजवा खांदा दुखतो, आणि हे शेवटचं मोठं काम असं त्यांनी जाहीर केलेलं. एकूण सहाशे बारा ओळी. मंगळवारी दुपारी तीनशे सत्तेचाळीस झाल्या आणि सासूबाई जरा आडव्या झाल्या.

मी पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सव्वीस वर्षं. आमच्याकडे कोणताही नमुना टेबलावर तसाच पडून राहिलेला चालत नाही, आणि ही सवय माणसाच्या अंगात भिनते. त्या दिवशी मला सुट्टी होती. मी यंत्रावरची धूळ पुसत होते. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आला होता: दोनशे चौदा अपडेट शिल्लक आहेत. दोनशे चौदा. कोणाच्या तरी घरात दोनशे चौदा गोष्टी शिल्लक आहेत आणि ती व्यक्ती फडकं घेऊन धूळ पुसते आहे, हे चित्र मला बरं वाटलं नाही. मी ‘हो’ दाबलं.

चाळीस मिनिटांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा खूप ताजातवाना दिसत होता. विणकामाचा प्रोग्रॅम नव्हता. त्याच्या जागी एक नम्र सूचना होती की नव्या व्यवस्थेशी जमत नसल्यामुळे तो काढून टाकण्यात आला आहे.

सासूबाई उठून आल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

घोडा पुन्हा पहिल्यापासून विणता आला नसता, कारण त्या छटेची तपकिरी लोकर दुकानात संपली होती. सुयांवरून उतरवून ठेवताही आला नसता, कारण उतरवला की उसवणार. म्हणजे घोडा जिथे होता तिथेच राहणार, बाहेरच्या खोलीत, सुयांना लटकून, ताण राहावा म्हणून खाली वजनं लावलेला, आणि अकरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी पाचला प्रदर्शनाची काम जमा करायची खिडकी बंद होणार.

प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ मला सापडले. ते घड्याळजी होते. चौदा वर्षांपूर्वी बायकोच्या यंत्रासाठी त्यांनी तो लिहिला आणि ज्याला हवा त्याने घ्यावा म्हणून इंटरनेटवर ठेवला. तयार प्रोग्रॅम आता मिळत नव्हता, पण कच्चा मिळत होता. कच्चा म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर. तो आपल्या कॉम्प्युटरवर आपणच बांधून घ्यायचा. मी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं, घोड्याच्या सद्यःस्थितीसह. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात लिहिलं होतं: “सोबतच्या सूचना वाचा.” सोबतच्या सूचना तीन ओळींच्या होत्या. पहिली ओळ: ही आज्ञा द्या. दुसरी ओळ: ती आज्ञा द्या. तिसरी ओळ: झालं.

मी एक नवी वही काढली. प्रयोगशाळेतल्यासारखे रकाने आखले: वेळ, कृती, निरीक्षण, शेरा. निरीक्षण म्हणजे जे दिसलं ते, शेरा म्हणजे आपल्याला काय वाटलं ते, आणि या दोन रकान्यांत कधीही सरमिसळ करायची नाही. नव्या माणसांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नोंद क्रमांक एक: पहिली आज्ञा दिली.

पहिली आज्ञा म्हणजे एक प्रकारची हजेरी असते. कॉम्प्युटर स्वतःलाच विचारत जातो, हे आहे का, आहे, ते आहे का, आहे, आणि ओळीमागून ओळ पडद्यावर येत राहते. त्यात एक प्रश्न असाही होता की बांधणीच्या आजूबाजूचं वातावरण शहाणं आहे का. त्याने स्वतःच उत्तर दिलं: आहे. त्या वेळी माझ्या उजव्या हाताला बिनडोक्याचा घोडा लटकत होता, सासूबाई त्याच्यावर चादर घालत होत्या आणि नवरा दारातून विचारत होता की कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला आहे का. मी निरीक्षणाच्या रकान्यात ‘आहे’ असं लिहिलं. शेरा लिहिला नाही.

मग हजेरी थांबली. चित्र वाचणारी लायब्ररी सापडत नाही.

इथे थोडं सांगायला हवं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. चित्र कसं वाचायचं, वायरीतून यंत्राशी कसं बोलायचं, ही कामं दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेली असतात. त्या तयार कामांच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. घड्याळजींना चार गठ्ठे लागत होते. माझ्या कॉम्प्युटरमध्ये चित्र वाचणारा गठ्ठा होता. मी तो डोळ्यांनी पाहिला. तरीही प्रोग्रॅम म्हणत होता, नाही.

दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं की गठ्ठा असणं पुरेसं नाही. गठ्ठ्यात काय काय आहे याची एक वेगळी यादी असते, ती वेगळी मागवावी लागते. वस्तू घरात आहे, पण तिचा कागद घरात नाही. हे कळल्यावर मला कॉम्प्युटरबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला. गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात नवी ओळखपत्रं द्यायची होती. नवं घ्यायला आत जायचं तर दारावर जुनं दाखवायला हवं होतं, आणि जुनी ओळखपत्रं आदल्या दिवशी दारावरच जमा करून घेतली होती. दारावरचा माणूस मला सव्वीस वर्षं ओळखतो. त्याने मला नावाने हाक मारून आत सोडायला नकार दिला.

यादी मागवली. हजेरी एक ओळ पुढे सरकली. पुढची लायब्ररी सापडत नाही.

दरम्यान इमारतीत बातमी पसरली होती आणि माणसं घोडा बघायला येऊ लागली. सासूबाई चादर बाजूला करत आणि ‘सुनेने अपडेट केला’ एवढंच म्हणत. उलट्या बाजूने पाहणाऱ्याला त्यात घोडा दिसणं कठीणच होतं. कोणी खाट म्हणालं, कोणी हत्ती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, “चार पाय, वर फळी. टेबल आहे, वहिनी.” इंजिनिअरांनी आयुष्यभर पूल बांधले. कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच उपाय असतो, फटीत काहीतरी ठोकून बसवणं, आणि त्यांचे सगळे पूल अजून उभे आहेत, त्यामुळे त्यांच्याशी वादही घालता येत नाही. एका शेजारणीने सांगितलं की तिच्या भाच्याला असंच झालं होतं आणि त्याने नवा कॉम्प्युटर घेतला. दुसरीने सांगितलं की दोन दिवस काहीच करू नका, आपोआप बरं होतं. हे तिने ज्या शांतपणाने सांगितलं त्यावरून ते सर्दीबद्दल असावं.

डॉक्टरांच्या आईही येऊन गेल्या. त्यांनी घोडा नीट पाहिला, सासूबाईंच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या की भाग घेणं महत्त्वाचं. त्या गेल्यावर सासूबाईंनी चादर घोड्यावर अशी ओढली की वजनं खणखणली. मी म्हटलं, जपून. तर म्हणाल्या, “ऐकलं असेल त्याने सगळं.” मी म्हटलं, आई, त्याचे कान अजून कॉम्प्युटरमध्ये आहेत. हे बोलायला नको होतं. रात्रीची भाजी मला वेगळी वाढली गेली.

मग मी मावसभावाला फोन केला. आमच्या नात्यात कॉम्प्युटरमधला माणूस म्हणून तोच प्रसिद्ध आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खेदाने सांगितलं की तो गेली नऊ वर्षं मॅनेजर आहे आणि कॉम्प्युटरला हात लावत नाही. या विषयातल्या जाणकारांचा एक गट इंटरनेटवर आहे असं त्याने सुचवलं. गटात प्रश्न विचारायला सभासद व्हावं लागतं, आणि सभासद व्हायला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते. जुन्या सभासदांना विचारायचं तर गटातच विचारावं लागतं. मी अर्जात खरं ते लिहिलं की मी कोणालाही ओळखत नाही. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र प्रदर्शनानंतर आठवड्याने आलं. त्यात स्वागत केलं होतं आणि आधी सोबतच्या सूचना वाचायला सांगितलं होतं.

वायरीतून यंत्राशी बोलणाऱ्या लायब्ररीची गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे नवी होती, घड्याळजींना जुनी हवी होती. जुनी तयार मिळत नव्हती, म्हणून तीही कच्ची आणली, म्हणजे आता प्रोग्रॅम बांधण्यासाठी लायब्ररी बांधायची. ती बांधायला एक अवजार हवं होतं. ते अवजार बांधायला दुसरं अवजार हवं होतं. आणि त्या दुसऱ्या अवजाराला स्वतःची माहितीपुस्तिका छापण्यासाठी पहिलं अवजार हवं होतं. मी याची आकृती काढली. बाणांवरून बोट फिरवत तीनदा खात्री केली. नवऱ्याने ती आकृती कौतुकाने फ्रिजवर चिकटवली. सासूबाई दूध काढताना तिच्यापुढे थांबल्या, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, “हे गोल फिरतंय.” माझ्या दोन संध्याकाळी ज्यात गेल्या ते त्यांनी दुधाचं पातेलं हातात धरून सांगितलं.

पुस्तिकेशिवाय बांध, असं अवजाराला सांगायची सोय होती हे बुधवारी सापडलं. मी आजवर एकाही उपकरणाची पुस्तिका टाकून दिलेली नाही. माझ्याकडे अशा एका तराजूची पुस्तिका आहे जो तराजू आता जगात नाही. तरीही मी ती आज्ञा दिली. अवजार बांधलं गेलं, मग दुसरं, मग लायब्ररी. तिची यादी मी या वेळी आधीच मागवली होती. गुरुवारी नोंद क्रमांक चव्वेचाळीस झाली. नवऱ्याला वाटलं की आता झालंच, म्हणून त्याने कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला. काही बिघडलं नाही, पण मला दहा मिनिटं गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं.

शुक्रवारी प्रदर्शनाचा अर्ज पुन्हा वाचून काढला. चौदा कलमं, तीन प्रती. अर्ज महिन्यापूर्वी मीच भरला होता. दुसऱ्या कोणी कामाच्या वर्णनात नुसतं ‘घोडा’ लिहिलं असतं. मी लिहिलं होतं: ‘धावता घोडा, तोंड उजवीकडे’. वर्णन अचूक असावं असं मला वाटतं.

शनिवारी सकाळी फक्त एक अडचण उरली होती. चित्र वाचणाऱ्या लायब्ररीची आमच्याकडे सोळावी आवृत्ती होती आणि घड्याळजींच्या प्रोग्रॅमला बारावी हवी होती. बारावी जिथे ठेवली होती तिथे गेल्यावर ‘जागा बदलली’ अशी पाटी. नव्या जागी गेल्यावर तीच पाटी. तिसऱ्या जागी पाटीही नव्हती. अकरा वाजून गेले होते. सासूबाई यंत्रासमोर स्टुलावर बसल्या होत्या, लोकर गुंडाळून तयार, हात मांडीवर. अकरा दिवस टोमणे मारून झाले होते. मधूनच उजवा खांदा दाबत होत्या आणि मी बघितलं की हात काढून घेत होत्या.

इंजिनिअर काय चाललंय बघायला आले. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, सोळा आणि बारात फरक काय. मी म्हटलं, माहीत नाही, चारचा असावा.

“मग सोळावर बाराची चिठ्ठी लावा की, वहिनी. त्याला काय कळतंय.”

हे खरंच करता येतं. सोळाव्या आवृत्तीला बारावीचं नाव द्यायचं. प्रोग्रॅम नाव वाचतो, आत डोकावत नाही. पण आमच्या प्रयोगशाळेत एका बाटलीवर दुसऱ्या बाटलीची चिठ्ठी लावली तर माणसाची नोकरी जाते. गेलेली आहे. तो माणूस माझ्याच हाताखाली होता आणि त्याला काढण्याच्या कागदावर माझी सही आहे. मी इंजिनिअरांना म्हटलं की हे मला जमणार नाही. ते म्हणाले, बरं, आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. उरलेल्या दोनशे पासष्ट ओळींना अडीच-तीन तास लागणार होते. सासूबाईंनी मान वर केली नाही.

नोंद क्रमांक अठ्ठावन्न, बारा वाजून दहा मिनिटं: सोळावर बाराची चिठ्ठी लावली. शेरा: लाज वाटली.

आता बांधणी पूर्ण झाली. अख्खा पडदा ओळींनी भरून वाहिला आणि शेवटी एकही तक्रार नाही. मी प्रोग्रॅम सुरू केला. तो म्हणाला, वायरीची लायब्ररी सापडत नाही. जी मी स्वतः अवजारांची अवजारं बांधून बांधली होती, जी त्याच कॉम्प्युटरमध्ये होती, जिच्याकडे मी त्या क्षणी बघत होते, ती. या वेळी मी चिडले नाही. आता मला त्याचा स्वभाव कळला होता. त्याच्याकडे लायब्रऱ्यांची एक हजेरीवही असते. वहीत नाव नसेल तर समोर उभा असलेला माणूसही गैरहजर. वही नव्याने लिही, अशी एक छोटी आज्ञा असते. ती दिली.

पडद्यावर खिडकी उघडली. तिच्या कोपऱ्यात नखाएवढा घोडा होता, संपूर्ण, डोक्यासकट. बारा चाळीस. नोंद क्रमांक साठ, निरीक्षण: घोडा दिसतो. तोंड कोणत्या दिशेला, हे मी नोंदवलं नाही. सव्वीस वर्षांत मी इतकं अपुरं निरीक्षण दुसरं लिहिलेलं नाही. मी ओळ तीनशे अठ्ठेचाळीस असं सांगितलं, आणि सासूबाईंनी ठोकळ्याला हात घातला.

पुढचे पावणेतीन तास घरात फक्त ठोकळ्याचा आवाज होता. दर पन्नास ओळींनी मी त्यांचा खांदा शेकत होते. नवऱ्याला कॉम्प्युटरपासून चार हात लांब बसवलं होतं. इंजिनिअर ओळी मोजत होते. सहाशे बारावी ओळ तीन पंचवीसला झाली. सासूबाईंनी कड बंद केली, ब्लँकेट सुयांवरून उतरवलं, आणि आम्ही दोघींनी ते जमिनीवर सुलटं पसरलं.

खालचा अर्धा घोडा उजवीकडे धावत होता. वरचा अर्धा डावीकडे.

पाय सुंदर होते. पोटही जुळलं होतं, कारण पोट दोन्हीकडून सारखंच. पण जिथे मान यायला हवी तिथून शेपूट निघून वाऱ्यावर उडत होतं, आणि मागच्या पायांच्या बरोबर वर मान, आयाळ आणि डोळे मोठे केलेलं डोकं होतं. सोळावी आवृत्ती चित्र उलट्या बाजूने वाचत होती. सोळा आणि बारात तो फरक होता. उलटी बाजू आपल्याकडे असल्यामुळे विणताना ते कळणं शक्य नव्हतं, असं इंजिनिअर म्हणाले, पण मला कळायला हवं होतं. नवरा वाकून पाय मोजत होता. चार भरले, तेव्हा त्याला जरा धीर आला.

मी म्हटलं, “आई, माझी चूक आहे. मी खोटी चिठ्ठी लावली.”

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. ब्लँकेटभोवती एक चक्कर मारली. डोक्यापाशी थांबल्या.

“मागे बघतोय तो,” त्या म्हणाल्या. “कोण येतंय ते.”

नवऱ्याने विचारलं, आणि शेपटीचं काय.

“वारा आहे,” सासूबाई म्हणाल्या. “घडी घाला. उशीर होतोय.”

प्रदर्शन शाळेच्या व्यायामशाळेत होतं. दारातच टेबल, टेबलामागे चिटणीस बाई, त्यांच्यापुढे तीन शिक्के. आमच्या पुढे रांगेत फक्त डॉक्टरांच्या आई होत्या. त्यांचं ब्लँकेट म्हणजे फुलदाणी आणि तीत चाळीस गुलाब, प्रत्येक पाकळी वेगळ्या छटेची. ते जमा झालं, पण त्या गेल्या नाहीत. पर्समध्ये काहीतरी शोधत टेबलापाशीच थांबल्या.

आमचं ब्लँकेट उलगडलं गेलं. चिटणीस बाईंनी ते पाहिलं, मग अर्ज पाहिला, मग पुन्हा ते पाहिलं. यंत्रावर केलेल्या कामाला तांत्रिक साहाय्यकाचं प्रतिज्ञापत्र लागतं, कलम सात: काम नोंदवलेल्या वर्णनाप्रमाणे झाले आहे, हो किंवा नाही. साहाय्यक मी होते. नोंदवलेलं वर्णन माझ्याच अक्षरात समोर होतं: तोंड उजवीकडे. नुसतं ‘घोडा’ लिहिलं असतं तर कोणाची काही हरकत नव्हती.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला फक्त एक खूण करायची होती. दुपारी एक खोटी चिठ्ठी लावून झालीच होती, दुसरी लावायला हात इतका जड होऊ नये. पण झाला. मी ‘नाही’वर खूण केली आणि सही केली.

चिटणीस बाईंनी शिक्का खाली ठेवला. “मग घेता येणार नाही, बाई.”

डॉक्टरांच्या आईंना पर्समध्ये हवं ते सापडलं. सासूबाईंनी माझ्याकडे त्याच नजरेने पाहिलं ज्या नजरेने अकरा दिवसांपूर्वी फडक्याकडे पाहिलं होतं. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

मी म्हटलं, “कलम अकरा.”

कलम अकरा मी सोडून कोणी वाचलं नसावं; चिटणीस बाईंनाही ते चष्मा लावून शोधावं लागलं. खिडकी बंद होईपर्यंत स्पर्धकाला कामाचं वर्णन बदलता येईल, स्वतःच्या अक्षरात, तीन प्रतींत, कार्बनपेपर न वापरता. मला एकदम मोकळं वाटलं. बाटलीत आहे ते बदलता येत नसेल तर चिठ्ठी बदलावी, फक्त जे आत आहे तेच तिच्यावर लिहावं. मी दुपारी नेमकं याच्या उलट केलं होतं.

सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर फार वळणदार आहे आणि त्या ते घाईत काढत नाहीत. डॉक्टरांच्या आई म्हणाल्या की नियमाचा असा अर्थ काढणं बरोबर नाही. चिटणीस बाई म्हणाल्या की नियमाचा अर्थ त्या काढतात. दुसरी प्रत चार चोपन्नला झाली. मी कानात सांगितलं की वाऱ्याचाही उल्लेख हवा, नाहीतर शेपटी नोंदवल्याप्रमाणे होणार नाही. सासूबाईंनी पहिल्या दोन्ही प्रतींत वारा घातला. तिसरी प्रत चार एकोणसाठला झाली: ‘धावता घोडा, मागे कोण येते ते पाहताना. वारा पाठीमागून.’ मी नवं प्रतिज्ञापत्र घेतलं, ब्लँकेट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ‘हो’वर खूण केली. तिन्ही शिक्के बसले.

ब्लँकेटं जमा झालेल्या क्रमाने टांगली जातात, डावीकडून उजवीकडे. आमचं शेवटचं, म्हणजे भिंतीच्या उजव्या टोकाला, आणि त्याच्या डावीकडे चाळीस गुलाब. रविवारी सकाळी आम्ही आत गेलो तेव्हा त्या भिंतीपुढे गर्दी होती. घोडा पायांनी उजवीकडे पळून चालला होता, पण मान वळवून मोठ्या डोळ्यांनी शेजारच्या गुलाबांकडे बघत होता. त्याचं तोंड आणि पहिला गुलाब यांत टीचभर अंतर. माणसं हसत होती, जात होती, आणि दुसऱ्यांना घेऊन परत येत होती. एक बाई आपल्या मैत्रिणीला खात्रीने सांगत होती की त्याने एक फूल आधीच खाल्लेलं असणार, म्हणून पळतोय. गुलाब मोजले जात होते. चाळीसच भरले तरी कोणाचा विश्वास बसत नव्हता.

डॉक्टरांच्या आईंनी आपलं काम तिथून हलवावं अशी मागणी केली. चिटणीस बाईंनी कलम बारा वाचून दाखवलं. जागा बदलता येत नाही.

तीन परीक्षकांपैकी एक चित्रकलेचे शिक्षक होते. ते आमच्यासमोर अकरा मिनिटं उभे होते. मी घड्याळ लावलं होतं. त्यांनी सासूबाईंना विचारलं की ही कल्पना कशी सुचली. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, “सुनेने अपडेट केला.” परीक्षकांनी ते लिहून घेतलं.

निकाल चार वाजता लागला. सासूबाईंचं नाव पहिलं वाचलं गेलं. त्या उठल्या नाहीत. सहा वर्षं त्या दुसऱ्या नावाला उठत आल्या होत्या, आणि त्या सवयीने दुसऱ्या नावाची वाट बघत बसून होत्या. नवऱ्याने त्यांना कोपराला धरून उठवलं. त्या गेल्या, प्रमाणपत्र घेतलं, उजव्या हाताने नाही, डाव्या, कारण उजवा खांदा वर जात नव्हता, आणि परत येऊन घोड्यापाशी उभ्या राहिल्या.

डॉक्टरांच्या आई आल्या. या वेळी त्यांनी टोक बोटांत धरलं नाही. थोडा वेळ घोड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “छान आहे हो तुमचं.”

सासूबाईंनी प्रमाणपत्राची नीट घडी केली, पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली. मग गुलाबांकडे वळल्या, त्या ब्लँकेटचं टोक दोन बोटांत धरलं आणि मान जरा तिरकी करून सगळे चाळीस सावकाश पाहिले.

“तुमचंही छान आहे हो,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी वही काढली. नोंद क्रमांक त्रेसष्ट. निरीक्षणाच्या रकान्यात ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, वेळ घातली, आणि शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.